साठ काचा आणि एकही लाल नाही

हंबीरराव माने हे नाव ऐकलं की समोरचा माणूस आपोआप जरा सावरून बसतो. पणजोबा गायकवाड सरकारच्या घोडदळात होते म्हणे, आणि दांडिया बाजारातल्या त्यांच्या दोन खोल्यांत दारावर अजूनही एक तलवार टांगलेली आहे. पण खरं सांगायचं तर हंबीरराव पालीला भितात. उत्तरायणाला सगळं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर चढून ओरडत असतं, आणि हे खाली पायरीवर चिक्कीचा डबा मांडीवर घेऊन बसतात. का, तर कठड्याजवळ गेलं की पाय लटपटतात. बायको, स्नेहलता, वर्षातून एकदा तरी म्हणतेच, "ती तलवार उतरवा आणि तिथं झाडू टांगा. निदान पाल तरी हाकलता येईल."

आता असला माणूस तीस वर्षं क्षयाच्या जंतूंत बोटं घालून बसला, यावर कोण विश्वास ठेवील? पण बसला. एका ट्रस्टच्या दवाखान्यात, मागच्या बाजूच्या खोलीत, खिडकीशेजारच्या सूक्ष्मदर्शकावर. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "अरे, रंगवलेला जंतू मेलेला असतो. मेलेल्याला काय भ्यायचं?"

आणि रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मात्र त्यांचे वैरीही मान्य करतील. मोठ्या इस्पितळांत आता यंत्रं आली आहेत. थुंकी आत घातली की दोन तासांत उत्तर बाहेर. ट्रस्टकडे तसलं काही नव्हतं, हंबीरराव होते. थुंकीतला पिवळा भाग काडीने काचेवर पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. मग वर लाल रंग ओतायचा आणि खालून स्पिरिटच्या दिव्याची ज्योत हळूहळू फिरवायची. वाफ निघाली पाहिजे, पण उकळी फुटता कामा नये. पाच मिनिटांनी धुऊन वर आम्ल टाकायचं. आम्ल पडलं की बाकी सगळ्यांचा लाल रंग उतरतो, क्षयाचा जंतू तेवढा सोडत नाही. हट्टी असतो मेला. शेवटी निळा रंग चढवायचा. सगळीकडे निळं, आणि त्यात एखादी बारीक लाल काडी दिसली की समजायचं, सापडला. दुसऱ्या रंगांत रंगवून इतर जंतू जांभळे की गुलाबी हे बघायचं काम शलाकाचं. ती चार वर्षांपूर्वी लागलेली तंत्रज्ञ, बडोद्यातच वाढल्यामुळे मराठीतही गुजराती 'ने' मिसळणारी, हंबीररावांच्या हाताखालीच तयार झालेली. लाल काड्या शोधायच्या त्या फक्त हंबीररावांनी. बोटांची टोकं कायमची रंगलेली असायची. बाजारातली पोरं त्यांना मेंदीकाका म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं.

नव्या लाल रंगाची बाटली उघडली की एक परीक्षा घ्यायची असते. ज्यात क्षयाचे जंतू नक्की आहेत अशी एक राखून ठेवलेली काच पेशंटांच्या काचांबरोबर रंगवायची, ती लाल दिसते का बघायचं, आणि वहीत बरोबरची खूण करायची. तीस वर्षांत ही काच एकदाही नापास झाली नव्हती. सुरुवातीला हंबीरराव काच बघून खूण करायचे. मग खूण करून काच बघायला लागले. हल्लीहल्ली खूण करायचे आणि काच तशीच डबीत जायची. माणूस सवयीने आंधळा होतो म्हणतात ना, तसंच झालं, फक्त यांच्या बाबतीत ते पुढे अगदी शब्दशः झालं.

चार महिन्यांपूर्वी दाढी करताना त्यांच्या जबड्याखाली बोटाला एक गाठ लागली. डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं. आपल्या दवाखान्यात न दाखवता ते रिक्षा करून अलकापुरीतल्या डॉक्टरांकडे गेले. गाठीत सुई घातली तेव्हा डोळे मिटून घेतले. क्षयच निघाला. "गाठीचा आहे, तो कुणाला लागत नाही, बिनधास्त कामावर जा," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या मात्र एक दिवस चुकवायच्या नाहीत. आणि यातल्या एका गोळीनं क्वचित डोळ्यांवर परिणाम होतो. अंधुक वाटलं, रंग फिके दिसले, तर त्याच दिवशी मला फोन." हंबीररावांनी मान हलवली. त्यांना हे सगळं ठाऊकच होतं.

पण घरी आल्यावर त्या गोळ्या त्यांनी हिंगाष्टकाच्या डब्यात दडवल्या. तीस वर्षं हा माणूस लोकांना सांगत आला होता, की बाबांनो, यात लाजण्यासारखं काही नाही, लपवू नका. आणि स्वतःवर आल्यावर? मुलीचं, उत्कर्षाचं, पुण्यात ठरत आलं होतं. त्या लोकांच्या कानावर गेलं तर? शलाकाला कळलं तर? स्नेहलताखेरीज कुणाला पत्ता नव्हता, आणि तिलाही देवापाशी शपथ घातलेली. लाज वाटत होती, दुसरं काय.

पुढे कधीतरी सूक्ष्मदर्शकात नीट दिसेनासं झालं. हंबीररावांनी दिवा बदलून घेतला. मग निळा रंग फार दाट येतोय म्हणून रंग देणाऱ्याला फोनवर झापलं. मग चष्म्याचा नंबर वाढला असेल असं मनाशी ठरवून टाकलं. वय सत्तावन्न, नंबर वाढायचाच. एक दिवस नोंदवही मिटताना ते शलाकाला म्हणाले, "सव्वा महिना झाला, एक लाल नाही. बडोद्यातला क्षय संपला बघ. आता मला पेन्शनीत काढा." दोघंही हसले. एरवी दहातली एक काच तरी लाल निघायची, हे दोघांनाही माहीत होतं, आणि तरी दोघंही हसले.

त्याच सव्वा महिन्यात मोहना आली होती. पंचविशीची, जळगावकडची. नवरा विहंग छाणीपलीकडच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. महिनाभर खोकला, अंगात कसर. तिच्या माहेरी सख्खी काकू क्षयाने गेली होती, त्यामुळे पोरगी इतकी धास्तावली होती की सहा महिन्यांच्या लेकीला शेजारणीकडे ठेवून आली होती. दूध पाजते तेव्हा तोंड भिंतीकडे करते, बाकी आठ दिवस झाले लेकीला जवळ घेतलं नाही, असं सांगताना तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली तेव्हा हंबीररावांना राहवलं नाही. अहवाल द्यायचा डॉक्टरांनी, तोही पॅथॉलॉजिस्ट बाईंच्या सहीनंतर. पण यांनी मराठी पोर बघितली आणि नियम सोडून बोलून गेले. "काही नाही तुला. दोन्ही काचा स्वच्छ आहेत. जा, आज लेकीला खुशाल कुशीत घेऊन झोप." ती वाकून त्यांच्या पायाच पडली. हंबीरराव दिवसभर खुशीत होते.

याला तीन आठवडे झाले. आणि मग शुक्रवारची सकाळ उजाडली.

स्नेहलता देवपूजा आटोपून चहाचा कप घेऊन आली. हंबीररावांनी वर बघितलं आणि सहज विचारलं, "आज हे असलं मातकट कुंकू का लावलंस?"

तिचा हात जागच्या जागी थांबला. "सकाळी सकाळी काय अभद्र बोलता? नेहमीचंच आहे. लालभडक आहे."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा मी करतेय का तुम्ही?"

त्यांनी तिला दंडाला धरून खिडकीशी नेलं. उजेडातही कपाळावर चिखलाच्या रंगाचा ठिपकाच दिसला. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी मिसळणाचा डबा उघडला. हळद कुठली ते कळलं. मोहरी, जिरं कळलं. पण तिखट कुठलं आणि धण्याची पूड कुठली, ते काही केल्या ओळखू येईना. शेवटी चिमूट जिभेवर ठेवून बघावं लागलं.

स्नेहलता मागे उभी राहून विचारत होती, "अहो, काय झालं? बोला की!" पण त्यांना स्वतःच्या डोळ्यांचं भय वाटलंच नव्हतं. ते वहीतली पानं आठवत होते. सव्वा महिना आणि वर आणखी काही दिवस. साठ काचा. एकही लाल नाही.

नाश्ता न करताच ते निघाले. दवाखाना चालत दहा मिनिटांवर, पण त्या दिवशी रस्ता संपेना. वाटेत ओळखीच्या दुकानदाराने "केम छो, माने साहेब?" केलं, त्याला उत्तर द्यायचंही भान राहिलं नाही. देवा, निदान ती नको, एवढंच ते मनात घोकत होते. कोण ती, हे सांगायला नकोच.

प्रयोगशाळेत कुणी आलं नव्हतं. त्यांनी राखून ठेवलेली ती परीक्षेची काच डबीतून काढली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला. या काचेत जागोजागी लाल काड्यांचे झुबके आहेत, हे त्यांना पाठ होतं. निळं दिसलं. राखाडी दिसलं. काच सरकवली, पुन्हा निळं. स्क्रू मागेपुढे केला. कपाळाचा घाम भिंगावर पडला तो पुसला आणि पुन्हा बघितलं. काही नाही. त्यांनी वही उघडली. वहीतल्या त्या बरोबरच्या खुणा तेवढ्या समोर होत्या, ओळीने, त्यांच्याच हातच्या.

साडेनऊला शलाका आली. वाचून झालेल्या काचा फेरतपासणीसाठी पेटीत क्रमाने लावून ठेवायच्या असतात, म्हणून साठच्या साठ जागेवर होत्या. तेवढंच नशीब. हंबीररावांनी पेटी तिच्यापुढे ठेवली. खरं सांगायला जीभ रेटेना. "तुला शिकायचं होतं ना लाल काचा वाचायला? या वाच आज. पहिल्यापासून."

"आज? अरे वा! काका, तुमची तब्येत तर बरी आहे ने?"

"वाच म्हटलं ना."

ती बसली. हे पाठीमागे उभे. पहिल्या चार काचा तिने बघून बाजूला ठेवल्या. पाचवीवर तिचा हात थांबला. तिने काच काढली, वरचा नंबर बघितला, वहीत बघितलं, पुन्हा काच घातली.

"काका, ही कुणी वाचली?"

"मी."

"नोंद चुकली असणार. यात तर ढीगभर आहेत."

नववीवर ती पुन्हा थांबली. आता तिने मागे वळून बघितलं, आणि त्यांचा चेहरा बघून तिचाच चेहरा उतरला.

"काका, काय झालंय? मला सांगा."

मग त्यांनी सांगितलं. गाठ, अलकापुरीचे डॉक्टर, हिंगाष्टकाचा डबा, कुंकू, सगळं. शलाका ऐकत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "चार महिने तुम्ही माझ्यासमोर बसून चहा प्यालात. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, काका? नुसता एक डोळा लावून बघितलं असतं ने." हे त्यांच्या वर्मी लागलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बेचाळीस आणि त्रेचाळीस," ते म्हणाले. "मोहनाच्या. त्या पहिल्यांदा बघ. बाकीच्या मग."

तिने बेचाळीस लावली. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, बाहेर केस-पेपरच्या खिडकीवर कुणीतरी गुजरातीत भांडत होतं. शलाका काच तसूतसू सरकवत होती. दोन मिनिटं गेली. तीन गेली. नाही दिसत, त्यांना वाटलं, नाहीये तिला, देव पावला.

"आहेत," शलाका म्हणाली. "थोडे आहेत. पण आहेत, काका."

पॅथॉलॉजिस्ट बाईंना फोन शलाकानेच केला आणि हंबीररावांच्या हातात दिला. बाई पाच मिनिटं शांतपणे बोलल्या आणि त्या शांतपणाचीच त्यांना जास्त भीती वाटली. गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांना याच क्षणी फोन करा. काचेला हात लावायचा नाही. शलाका सगळ्या साठ वाचेल, मी येऊन पुन्हा बघेन, ज्यांच्या काचा लाल त्यांना आजच्या आज बोलावून घ्यायचं. अलकापुरीचे डॉक्टर म्हणाले, ती गोळी आत्तापासून बंद, बाकीच्या गोळ्यांचं मी बघतो, उद्या सकाळी डोळे दाखवायला या, रंग बहुतेक परत येतील. हंबीररावांनी ते ऐकलं, पण मन तिकडे नव्हतं. मोहनाच्या कागदावर नवऱ्याचा नंबर होता. फोन नुसता वाजत राहिला. कारखान्याच्या फाटकावरच फोन जमा करून घेतात.

"मी जातो," हंबीरराव म्हणाले.

"बाईंनी बोलवायला सांगितलंय, तुम्ही कशाला जाता?"

"मीच तिला सांगितलं होतं कुशीत घे म्हणून."

शलाकाने त्यांच्या खिशात मास्कची पुडी कोंबली.

छाणीपर्यंत रिक्षाने अर्धा तास लागला. सात महिन्यांचं पोर म्हणजे काय असतं, हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीने पुरतं शिकवलं होतं. मोठा माणूस सहा महिने गोळ्या खातो आणि उठून कामाला लागतो. एवढ्याशा जिवाचं तसं नसतं. कधी नुसता ताप येतो, मग फिट येते, आणि मग कुणाला काही कळायच्या आत सगळं आटपतं. ते आठवायचं नाही म्हटलं तरी आठवत होतं. त्यांनी रिक्षावाल्याला दोनदा सांगितलं, "भाई, जरा जलदी."

एका वर्कशॉपच्या मागे पत्र्याच्या छपराची खोली होती. एकच खिडकी, तीही थंडीमुळे पुठ्ठा लावून बंद केलेली. म्हणजे आत खोकलेलं सगळं आतच राहायचं. मोहना दारातच लेकीला कडेवर घेऊन उभी होती. तिने त्यांना ओळखलं आणि तिचा चेहरा केवढा फुलला.

"अगं बाई, काका तुम्ही! इकडं कसे? या ना, आत या. बघा, तुम्ही म्हणालात तशी रोज कुशीत घेऊन झोपते हिला. आता तर मला सोडतच नाही." आणि ती लेकीला म्हणाली, "बघ कोण आलं, आजोबा आले."

बाळ हंबीररावांकडे बघून हसलं. मग खोकलं. बारीक, कोरडं.

"दोन दिवस झाले, जरा खोकतेय," मोहना म्हणाली. "हवा बदलली ना."

येताना रिक्षात त्यांनी वाक्यं जुळवली होती, घाबरवायचं नाही, आधी धीर द्यायचा, मग हळूच. त्यातलं एकही आठवेना. "मोहना, तुझ्या काचा मी चुकीच्या वाचल्या," ते म्हणाले. "तुला आहे, पोरी. क्षय आहे. माझ्या हातून चूक झाली."

ती क्षणभर हसरीच राहिली, कारण ऐकलेलं अजून आत पोचलं नव्हतं. मग तिने लेकीकडे बघितलं. आपल्या तोंडापासून वीतभर अंतरावर असलेल्या तिच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या तोंडून नुसतं "आई गं" निघालं, आणि तिने ते पोर पुढे, सरळ हंबीररावांच्या छातीशी लोटलं. "धरा. धरा आधी हिला. माझ्यापासून लांब न्या."

आणि हंबीरराव मागे सरले. विचार करून नाही, नुसते सरले. चार महिने लपवलेलं त्या क्षणी तोंडातून बाहेर पडलं. "मलाही आहे."

मोहनाचे हात तसेच अधांतरी राहिले, त्यात लेक.

"म्हणजे माझा गाठीचा आहे," ते घाईघाईने म्हणाले. "मानेतला. तो लागत नाही कुणाला, डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी घेतो हिला, मी घेऊ शकतो. आणि हे बघ, तूही हिला दूध तोडू नकोस. मास्क लावून पाजलंस तर चालतं. आज हिला डॉक्टरांना दाखवू, लहान मुलांचं वेगळं औषध असतं, सगळं होतं नीट. खरंच सांगतोय." ते खरंच सांगत होते. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

मोहना त्या हातांकडे, त्या लाल डागांच्या बोटांकडे बघत राहिली. "तेव्हाही असंच म्हणाला होतात," ती म्हणाली.

तिने खाली वाकून लेकीला जमिनीवरच्या गोधडीवर ठेवलं, हात झटकल्यासारखे काढून घेतले आणि मागे सरत भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पदर तोंडावर दाबून धरला. बाळाला आधी हा खेळ वाटला. ते आईकडे बघून हसलं. आई जवळ येत नाही म्हटल्यावर त्याने दोन्ही हात वर केले. तरी कुणी उचललं नाही, तेव्हा त्याने ओठ काढले आणि ते रडायला लागलं. रडता रडता त्याला खोकला आला, आणि खोकला थांबला की पुन्हा रडं.

"घे ना तिला," हंबीरराव म्हणाले. "मोहना, मास्क देतो, हा घे. घे तिला."

तिने मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती नुसती मान हलवत होती.

हंबीरराव गोधडीकडे वाकले.

"हात लावायचा नाही," मोहना म्हणाली.

ते वाकलेलेच थांबले. पोर आधी आईकडे हात करून रडलं, मग त्यांच्याकडे हात करून रडलं. दोघंही लेकीपासून दोन पावलांवर होती.